सर्वांत अवघड कॉन्चेर्तो कोणता?



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आमच्या हातात एक चिठ्ठी आली होती. तिच्यावर एकच ओळ होती: रॅखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्तो जगातला सर्वांत अवघड आहे, हे खरं का? वेळ संपत आली होती, म्हणून ‘पुढच्या वेळी बोलू’ असं म्हणून आम्ही तेव्हा सुटका करून घेतली. घरी जाताना लक्षात आलं, की याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येणार नाही. आणि का देता येणार नाही, हे सांगायलाच एक अख्खं व्याख्यान लागेल. तेच आज करू.

आधी एक कबुली. हा प्रश्न भाबडा आहे असं म्हणून आम्ही तो झटकून टाकणार नाही, कारण आम्हीही बरीच वर्षं असंच ऐकत आलो. कुणाचे हात किती वेगात पळाले, कुणी शेवटचे ऑक्टेव्ह किती दणक्यात मारले, यावर मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर वाद घातले. आणि कॉन्चेर्तो हा प्रकारच असा आहे, की त्यात अवघडपणा चारचौघांत मांडलेला असतो. एका बाजूला साठ-सत्तर वादक आणि त्यांचा कंडक्टर, दुसऱ्या बाजूला एक माणूस आणि एक पियानो. हा माणूस एवढ्या सगळ्यांना पुरून उरणार का, ही उत्सुकता श्रोत्याच्या मनात असतेच, आणि संगीतकारानंही ती गृहीत धरलेली असते.

त्यामागे थोडा इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात पियानोवादक गावोगाव फिरून तिकिटं लावून कार्यक्रम करू लागले. सभागृहं मोठी झाली, तसा पियानोही बदलला. एरार यांच्या कारखान्यानं १८२१ मध्ये एका नव्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच हातोडी पुन्हा तारेवर मारता येईल, अशी ती योजना. त्यामुळे एकच स्वर भराभर वाजवणं सोपं झालं. पुढे लोखंडी चौकट आली, तारांचा ताण वाढला, आवाज वाढला. वाद्य जे जे करू देईल, ते ते वादक लोकांसमोर करून दाखवू लागले. म्हणजे अवघडपणा हा त्या काळी संगीताचा गुण होता, तसा तो धंद्याचाही भाग होता.

आपल्याकडे गायनाच्या बैठकीत ‘तयारी चांगली आहे’ असं म्हणतात. हे वाक्य कौतुकाचं असतं; पण ते कोणत्या सुरात म्हटलं जातं त्यावर कधीकधी त्यात एक बारीकशी तक्रारही असते, बरं का. (हशा) तयारी आहे, पुढे काय? आजचा आमचा मुद्दा या ‘पुढे काय’चाच आहे.

अवघडपणा एकाच फूटपट्टीनं मोजता येत नाही. आम्हाला त्याचे निदान चार प्रकार दिसतात. पहिला हाताचा: पंजा किती ताणायचा, बोटं किती वेगात चालवायची, किती लांब उडी मारून नेमक्या पट्टीवर उतरायचं. दुसरा दमसासाचा: चाळीस-पन्नास मिनिटं शरीर आणि स्मरणशक्ती शाबूत ठेवणं. तिसरा सोबतीचा: ऑर्केस्ट्राच्या श्वासाबरोबर श्वास घेणं. आणि चौथा, ज्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, तो उघडं पडण्याचा. स्वर थोडे, गती संथ, मागे ऑर्केस्ट्रा जवळजवळ गप्प. लपायला जागा नाही.

सर्वांत अवघड कोणता असं विचारताना आपल्या मनात बहुतेक वेळा फक्त पहिला प्रकार असतो, फार तर दुसरा. कारण ते डोळ्यांना दिसतात. आता काही रचना घेऊन पाहू.

लिस्टपासून सुरुवात करू. त्याचा पहिला कॉन्चेर्तो, ई-फ्लॅट मेजरमधला. १७ फेब्रुवारी १८५५ रोजी वायमारमध्ये तो पहिल्यांदा सादर झाला. पियानोवर स्वतः लिस्ट, आणि कंडक्टर कोण, तर बेर्लिओझ. ऑर्केस्ट्रा एक ठसठशीत वाक्य बोलतो, आणि लगेच पियानो दोन्ही हातांनी ऑक्टेव्हच्या उड्या घेत आत शिरतो. ऑक्टेव्ह म्हणजे एकाच हातानं खालचा सा आणि वरचा सा एकदम वाजवायचा. आणि असे अनेक, वेगात, जोरात. हे पान नुसतं पाहिलं तरी नवख्याचे डोळे फिरतात.

पण लिस्ट हा पियानोचा शरीरशास्त्रज्ञ होता, असं म्हटलं तर चालेल. कोणता वळसा हाताला बसतो आणि कोणता बसत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याच्या कितीतरी करामती दोन हातांत अशा वाटून दिलेल्या असतात, की सराव झाल्यावर त्या हाताला ओळखीच्या होतात. ऐकणाऱ्याला मात्र तीन हात वाजवतायत असं वाटतं. हे सोपं आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की लिस्टचा अवघडपणा जितका महाग असतो, त्याहून जास्त महाग दिसतो. त्याला तसंच हवं होतं, आणि त्यात वाईट काही नाही.

गंमत अशी, की व्हिएन्नाचे समीक्षक एडुआर्ड हान्सलिक यांनी या रचनेला ट्रायंगलचा कॉन्चेर्तो म्हणून हिणवलं, कारण मधल्या भागात ट्रायंगल स्वतंत्रपणे किणकिणतो. म्हणजे तेव्हाही टीका झाली ती वर दिसणाऱ्या गोष्टीवरच. संथ भागात पियानो एकटाच, मागे कुणी नसताना, एक लांब सुरावट गातो. त्या ठिकाणी ऑक्टेव्ह नाहीत, उड्या नाहीत. तिथेच आपला चौथा प्रकार दबा धरून बसलेला आहे. पुढच्या वेळी हा कॉन्चेर्तो ऐकाल तेव्हा वादकाची परीक्षा तिथे घ्या.

आता चायकोव्स्की. पहिला कॉन्चेर्तो, बी-फ्लॅट मायनर. १८७४ च्या डिसेंबरात चायकोव्स्कीनं तो निकोलाय रुबिन्स्टाइनला वाजवून दाखवला. रुबिन्स्टाइन हा मोठा पियानोवादक आणि मॉस्कोच्या संगीतविद्यालयाचा प्रमुख. त्यानं रचनेची पार चिरफाड केली: वाजवण्याजोगी नाही, ओबडधोबड आहे, बदलावी लागेल. तीन वर्षांनंतर चायकोव्स्कीनं नादेझ्दा फॉन मेक यांना लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग सांगितला आहे, आणि तेव्हाही त्याची जखम भरलेली नव्हती असं दिसतं. त्यानं रचना हान्स फॉन ब्युलोकडे पाठवली, आणि २५ ऑक्टोबर १८७५ रोजी तिचा पहिला प्रयोग थेट बॉस्टनमध्ये झाला.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॉस्कोत हा कॉन्चेर्तो झाला. पियानोवर होता तानेयेव्ह, वय जेमतेम १९. आणि कंडक्टर होते हेच निकोलाय रुबिन्स्टाइन! ‘वाजवता येण्याजोगा नाही’ हा निकाल वर्षभरही टिकला नाही. पुढे रुबिन्स्टाइननं स्वतः तो पियानोवर वाजवला.

यातून आपण काय घ्यायचं? एक तर, वाजवता न येण्याजोगं हा शब्द अनेकदा अनोळखीपणासाठी वापरला जातो. चायकोव्स्की लिस्टसारखा मैफिली गाजवणारा पियानोवादक नव्हता. त्याच्या काही जागा हाताला आपसूक बसत नाहीत, हे खरंच आहे. त्यानं नंतर दुरुस्त्याही केल्या. आज आपण ज्या दणदणीत कॉर्डनी हा कॉन्चेर्तो ओळखतो, ते पहिल्या आवृत्तीत तसे नव्हते. तिथे ते स्वर एकामागून एक उलगडत जाणारे होते. म्हणजे ज्या सुरुवातीला आपण ताकदीची कसोटी समजतो, ती मुळात वेगळ्या स्वभावाची होती.

दुसरं असं, की हा कॉन्चेर्तो लढतीचा आहे. पियानो आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांना आव्हान देतात. अशा रचनेत अवघडपणा नाटकाचा भाग असतो. १२ जानेवारी १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तरुण होरोविट्झनं याच कॉन्चेर्तोनं अमेरिकेत पदार्पण केलं. कंडक्टर बीचम सावकाश चालले होते. शेवटच्या भागात होरोविट्झनं त्यांची वाट पाहणं सोडलं आणि पुढे निघून गेला. लोक वेडे झाले. त्याचं नाव झालं ते त्या संध्याकाळपासून.

आमचा प्रश्न असा: त्या संध्याकाळी होरोविट्झनं अवघड गोष्ट केली, की अवघड गोष्ट टाळली? हाताच्या हिशेबानं त्यानं अचाट काम केलं. सोबतीच्या हिशेबानं पाहिलं तर त्यानं तो प्रश्नच सोडून दिला. दोन्ही खरं आहे. पण आपण सांगतो ती गोष्ट पहिल्याच हिशेबाची.

याच्या बरोबर उलट टोकाला ब्राम्स आहे. त्याच्या डी मायनर कॉन्चेर्तोचा पहिला प्रयोग २२ जानेवारी १८५९ ला हानोव्हरमध्ये झाला. पाच दिवसांनी लाइप्झिगला लोकांनी चक्क हिस् हिस् करून नापसंती दाखवली. पियानोवर स्वतः २५ वर्षांचा ब्राम्स होता. कारणं बरीच असतील. पण एक कारण सहज कळतं. लोक कौशल्य पाहायला आले होते, आणि ब्राम्सनं कौशल्य लपवून ठेवलं होतं. पहिल्या भागात पियानोला ऑक्टेव्हच्या ट्रिल्स आहेत. एकाच हातानं दोन टोकांचे स्वर धरून दोन्ही थरथरत ठेवायचे. वाजवणाऱ्याचा हात दुखून येतो. ऐकणाऱ्याला मात्र ‘वा, काय बोटं आहेत’ असं वाटत नाही, तर कुणीतरी रागानं थरथरतंय असं वाटतं.

दुसरा कॉन्चेर्तो बावीस वर्षांनी आला, ९ नोव्हेंबर १८८१, बुडापेस्ट. नेहमीच्या तीनऐवजी चार भाग, पाऊणएक तासाहून मोठा. आणि ब्राम्सनं एका स्नेह्यांना लिहिताना या अजस्र रचनेचा उल्लेख एक चिमुकला कॉन्चेर्तो असा केला होता. (हशा) या कॉन्चेर्तोत जाडजूड कॉर्ड आहेत, डाव्या हाताच्या लांबच लांब उड्या आहेत, आणि यातलं बरंचसं ऑर्केस्ट्राच्या आवाजात मिसळून जातं. वादक घाम गाळतो आणि त्याचं श्रेय हॉर्न आणि व्हायोलिनं घेऊन जातात!

दुसऱ्या भागात एक जागा आहे. ऑर्केस्ट्रानं गर्जना केल्यावर पियानो दोन्ही हातांनी ऑक्टेव्ह वाजवतो. पण दणक्यात नाही. अगदी हळू, दबक्या आवाजात, एकसंध. चायकोव्स्कीचे ऑक्टेव्ह आठवा आणि हे ऐका. करामत तीच, पण तिथे ती टाळ्यांसाठी उभी आहे, इथे ती कुजबुजते. जोरात वाजवताना शरीराचं वजन मदतीला येतं. हळू वाजवताना ते वजन हवेत तोलून धरावं लागतं, आणि एक जरी स्वर निसटला तरी भोक पडतं. आम्हाला विचाराल तर रोमँटिक कॉन्चेर्तोंमधली ही सर्वांत कठीण पानांपैकी एक आहे, आणि तिच्यावर टाळी कधीच पडत नाही.

आणि हा दुसरा भाग संपला, वादकाची छाती धपापते आहे, की तिसरा भाग सुरू होतो चेलोच्या एकट्या, शांत गाण्यानं. पियानोवादक ऐकत बसतो. मग त्याला आत यायचं असतं, जणू काही झालंच नाही अशा शांतपणे. पहिल्या दोन भागांतले ट्रंपेट आणि टिंपनी या भागापासून गप्प झालेले असतात, ते शेवटपर्यंत गप्पच राहतात. एवढी मोठी रचना हळूहळू हलकी होत जाते. शेवटच्या भागात वादकाला चक्क खेळकर व्हायचं असतं, दमलेलं असताना. हा दमसास नुसत्या दंडाच्या ताकदीचा नाही. मनाची अवस्था बदलण्याचा आहे.

ब्राम्सबद्दल आणखी एक प्रसंग सांगायला हवा. ६ एप्रिल १९६२, न्यूयॉर्क. ग्लेन गूल्ड ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्तो वाजवणार होता, कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन. वाजवण्याआधी बर्नस्टाइननी श्रोत्यांना उद्देशून सांगितलं, की गूल्डच्या कल्पनेशी आपण सहमत नाही, तरी ती ऐकण्याजोगी आहे म्हणून तिला साथ देणार आहोत. गूल्डनं रचना नेहमीपेक्षा बरीच संथ घेतली होती. एकटा वीर आणि त्याच्यासमोर ऑर्केस्ट्रा, हे झुंजीचं चित्रच त्याला पुसायचं होतं. तो यशस्वी झाला की नाही, यावर आजही वाद होतो. आमच्या मते काही जागी संगीत थकतं. पण १९२८ चा होरोविट्झ आणि १९६२ चा गूल्ड शेजारी ठेवून पाहा. एक कंडक्टरला मागे टाकून पुढे गेला, दुसरा कंडक्टरला आपल्याबरोबर थांबवून घेतो. आणि गूल्डनं निवडलेला अवघडपणा कुठल्याच यादीत सापडत नाही.

आता ज्यांना ‘सोपे’ म्हणतात त्यांच्याकडे येऊ. शुमानचा ए मायनर. १८४१ मध्ये आधी एकाच भागाची फँटसी झाली, १८४५ मध्ये पुढचे भाग जोडले गेले, आणि क्लारा शुमाननं तो पहिल्यांदा वाजवला. विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा कॉन्चेर्तो लवकर येतो. तसे हात याला पुरतात. पण पहिल्या भागात पियानो आणि क्लॅरिनेट एकमेकांशी बोलतात, आणि मधला भाग म्हणजे तर पियानो आणि तंतुवाद्यं यांच्यातले दोन-दोन, चार-चार स्वरांचे सवाल-जवाब. समोरचा काय म्हणाला हे ऐकलंच नाही, तर उत्तर देणार काय?

आणि शेवटच्या भागातली ती प्रसिद्ध अडचण! लिहिलेली लय तीन मात्रांची आहे. मध्येच ऑर्केस्ट्रा असे आघात घेतो, की कानाला दुप्पट संथ तीन मात्रा ऐकू येतात. कंडक्टरचा हात एक सांगतो, कान दुसरं सांगतो. तबल्याच्या साथीत लयकारी ऐकणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. इथे नामवंत मंडळीही घसरतात. पण घसरली तरी श्रोत्यांना पियानोवादकाची चूक दिसत नाही, नुसतं काहीतरी विस्कटल्यासारखं वाटतं. म्हणून हा अवघडपणा हिशेबात धरला जात नाही.

शोपँचे दोन्ही कॉन्चेर्तो तो वीस वर्षांचा होता तेव्हा वॉर्सोत सादर झाले: एफ मायनर १७ मार्च १८३० ला आणि ई मायनर ११ ऑक्टोबर १८३० ला. छापताना क्रम उलटा झाला, म्हणून आधीचा आज दुसरा म्हणून ओळखला जातो. एफ मायनरचा संथ भाग घ्या. डावा हात साधी साथ करतो. उजवा हात एक गाणं गातो, आणि गाता गाता त्याच्या भोवती स्वरांची नक्षी काढतो. ही नक्षी डाव्या हाताच्या मात्रांत सरळ भागत नाही. कुठे सात, कुठे अकरा असे स्वर एका मापात बसवायचे असतात. मोजून बसवले तर यांत्रिक वाटतात, सोडून दिले तर सांडतात. डाव्या हातानं लय सांभाळावी आणि उजव्यानं मोकळं राहावं, अशी शोपँची शिकवण त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे. वाचायला सोपी आहे.

शिवाय वाद्य बदललं आहे, हे विसरू नका. शोपँच्या तरुणपणीच्या पियानोच्या पट्ट्या हलक्या होत्या, कमी खोल दबायच्या. आजच्या मोठ्या मैफिलीच्या पियानोवर तीच नक्षी काढायची, तर वाद्याची ताकद आवरून धरावी लागते. म्हणजे एकच पान १८३० मध्ये आणि आज सारखंच अवघड नाही. मग शोपँ आणि रॅखमानिनॉव्ह यांना एकाच यादीत वरखाली लावताना आपण नेमकं काय मोजतो?

वॉर्सोत १९२७ पासून शोपँ स्पर्धा चालते. जगभरातले उत्तमोत्तम तरुण वादक तिथे येतात, आणि अंतिम फेरीत त्यांना ऑर्केस्ट्राबरोबर शोपँचाच कॉन्चेर्तो वाजवावा लागतो. बहुतेक जण ई मायनर निवडतात. म्हणजे एकामागून एक तीच रचना. यातल्या प्रत्येकाचे हात तिला पुरून उरणारे असतात. तरीही एकाचं वादन दुसऱ्यासारखं नसतं आणि परीक्षकांत मतभेद होतात. हाताचा प्रश्न जिथे सुटलेला असतो, तिथेही एवढं काही शिल्लक राहतं.

आता चिठ्ठीतला प्रश्न. रॅखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्तो, डी मायनर. २८ नोव्हेंबर १९०९, न्यूयॉर्क. अमेरिकेला जाताना जहाजावर सरावासाठी त्यानं आवाज न करणारा मुका कळफलक नेला होता. पुढच्या जानेवारीत त्यानं हाच कॉन्चेर्तो न्यूयॉर्कलाच पुन्हा वाजवला, तेव्हा कंडक्टर होता गुस्ताव माहलर. रचना योझेफ हॉफमानला अर्पण केलेली आहे, आणि हॉफमाननं ती जाहीर कार्यक्रमात कधीच वाजवली नाही. हॉफमान हा त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ वादकांपैकी एक. पण त्याचे हात लहान होते, इतके की त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले जात. रॅखमानिनॉव्हचा पंजा अवाढव्य. अवघड कुणासाठी, हा प्रश्न इथे अगदी शब्दशः उभा राहतो. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, कारण पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या आलिसिया दे लारोचा यांनी हाच कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केला आहे, आणि ब्राम्सचा दुसराही.

आता हे नीट पाहा, की हा भयंकर म्हणून गाजलेला कॉन्चेर्तो सुरू कसा होतो. दोन हात, ऑक्टेव्हच्या अंतरानं, एकच साधी सुरावट. लहान मूलही ते स्वर वाजवेल. तिथून तो वाढत जातो. एकाच हातात गाणं, त्याच हातात साथ, मध्ये तिसरा एखादा आवाज. चाळीसएक मिनिटांत वादकाला विश्रांती फार थोडी. हाताचा आणि दमसासाचा अवघडपणा इथे शिगोशीग भरलेला आहे, यात शंकाच नाही. १९९६ मध्ये ‘शाइन’ हा चित्रपट आला, डेव्हिड हेल्फगॉट यांच्या आयुष्यावरचा. त्यात हा कॉन्चेर्तो माणसाला मोडून टाकणारा राक्षस म्हणून येतो. तेव्हापासून ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांनाही तो अवघड आहे हे माहीत असतं.

आमची तक्रार इथे आहे. पहिल्या भागातल्या कॅडेन्झाचे, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि पियानो एकटा बोलतो त्या जागेचे, रॅखमानिनॉव्हनं दोन पर्याय लिहिले. एक चपळ आणि हलका, दुसरा प्रचंड कॉर्डचा. रॅखमानिनॉव्हनं स्वतःच्या ध्वनिमुद्रणात हलका वाजवला. होरोविट्झनंही हलकाच वाजवला. व्हॅन क्लायबर्ननं १९५८ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत मोठा वाजवला आणि जिंकला. आज स्पर्धांमध्ये मोठाच जास्त ऐकू येतो.

मोठ्या कॅडेन्झाच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. या भागात मूळ सुरावटीचं पुनरागमन फार त्रोटक आहे, म्हणून ते ओझं कॅडेन्झानं उचलावं, हे म्हणणं पटण्यासारखं आहे. क्लायबर्नच्या हातात ते पटतंही. पण दोन्ही पर्यायांनंतर लगेच काय येतं? बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि हॉर्न एकेक करून ती सुरुवातीची सुरावट हळूच म्हणतात, आणि पियानो त्यांची साथ करतो. पहाटेसारखी जागा आहे ती. हलक्या कॅडेन्झानंतर त्या बासरीपर्यंत आपण चालत पोहोचतो. मोठ्यानंतर पुष्कळदा आपण अजून त्या दणक्यातून सावरत असतो आणि बासरी निघून गेलेली असते. जो वादक या दोन बाजू तोलून मोठा कॅडेन्झा निवडेल, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण ‘मोठा अवघड आहे, म्हणून तोच वाजवला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील जमत नाही’, या भीतीपोटी तो निवडला जात असेल, तर आपण, म्हणजे श्रोते, त्या निवडीला जबाबदार आहोत. चिठ्ठीतला प्रश्न निरुपद्रवी नाही तो एवढ्यासाठीच. आपण जे मोजतो, ते वादक वाजवतात.

मग उत्तर काय? टाळत नाही. हाताचं मोजाल, तर रॅखमानिनॉव्हचा तिसरा वरच्या पंक्तीत आहे. मात्र तिथे तो एकटा नाही. बुसोनीचा १९०४ चा कॉन्चेर्तो आहे, पाच भागांचा, तासाभराहून मोठा, शेवटी पुरुषांचा कोरस घेऊन येणारा. दमसास, सोबत आणि मन हे सगळं एकत्र धराल, तर आम्ही ब्राम्सच्या दुसऱ्याला झुकतं माप देऊ. आणि एकच पान निवडायचं, तर शोपँचा तो संथ भाग. कारण सराव वाढवून तो सुटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल. असावंच.

पण घरी जाऊन एक करून पाहा. रॅखमानिनॉव्हचा हाच तिसरा कॉन्चेर्तो लावा, स्वतः संगीतकाराच्या वादनातला. त्यात काही जागा कापलेल्या आहेत, ध्वनिमुद्रण जुनं, १९३९-४० चं आहे. कॅडेन्झाला हातांकडे लक्ष देऊ नका. तो संपल्यावर बासरी येते तिथे ऐका. मग तोच तुकडा मोठ्या कॅडेन्झाच्या कुठल्याही वादनात ऐका, आणि बासरी तुम्हाला पहिल्यासारखी ऐकू आली का, हे पुढच्या वेळी आम्हाला सांगा. चिठ्ठीवर लिहून दिलंत तरी चालेल.